गावठी कुत्र्यालाही ऊन लागतं

उन्हाळ्यात कुत्र्याच्या पाण्याचा किंवा सावलीचा विषय काढा, उत्तर तयार असतं : "गावठी कुत्रं आहे ते. त्याला काय होतंय?" बीड जिल्ह्यात केज तालुक्यातल्या युसूफ वडगावच्या पारावर हे ऐकायला मिळेल, रानातल्या आखाड्यावर मिळेल, आणि गाव सोडून पुण्याला फ्लॅट घेतलेल्या भावकीकडूनही मिळेल. या शेवटच्या मंडळींचा पग मात्र तेव्हा एसीत झोपलेला असतो. वाक्य इतकं अंगवळणी पडलंय की त्याला पुरावा मागायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. तो इथे मागायचा आहे.

आधी या वाक्यात खरं किती, ते मोजून देऊ. आपलं देशी कुत्रं अंगानं सडसडीत, केस आखूड, तोंड लांब. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांना थोडासा सुटतो, त्यानं अंग निवत नाही. त्याची सगळी भिस्त धापांवर. जीभ, तोंड आणि नाकाचा आतला ओला पडदा यांवरून हवा जोरात खेळवायची, तिथलं पाणी उडवायचं आणि त्या वाफेबरोबर अंगातली उष्णता बाहेर टाकायची. एरवी मिनिटाला वीस-तीस श्वास घेणारं कुत्रं धापा टाकायला लागलं की तीनशेच्याही वर जातं. नाक लांब असलं की हा पडदा मोठा आणि हवेला वाट मोकळी. पग, बुलडॉग, शिह त्झू यांची नाकं माणसानं हौसेपोटी चपटी करून ठेवली, त्यांना हे धड जमत नाही. ब्रिटनमधल्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी पशुदवाखान्यांच्या 2016 सालच्या नोंदी तपासल्या, तेव्हा लॅब्रॅडॉरच्या मानानं बुलडॉगला उन्हाच्या आजाराचा धोका सुमारे चौदापट निघाला. तेव्हा देशी कुत्रं पगपेक्षा उन्हात जास्त तग धरतं, हे कबूल. पण पगपेक्षा जास्त तग धरणं म्हणजे काहीच न होणं नव्हे. देशी कुत्र्याचंही नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, आणि ते 106 च्या पुढे गेलं की त्याचाही मेंदू, मूत्रपिंडं, आतडी बिघडायला लागतात. तिथे गावठी म्हणून सवलत नाही.

बीडचं ऊन कोरडं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, म्हणजे हवाच कुत्र्याच्या अंगापेक्षा जास्त तापलेली. अशा हवेत नुसत्या वाऱ्यानं अंग निवणं संपलं; वारा उलट बाहेरची उष्णता अंगावर आणून घालतो. उरतो एकच मार्ग, पाणी उडवण्याचा. कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं. त्यामुळे मुंबईच्या दमट उकाड्यापेक्षा इथे धापा जास्त कामी येतात. हा इथल्या कुत्र्याचा फायदा. पण भराभर उडालेलं पाणी तितक्याच भराभर भरून निघायला हवं, ही त्या फायद्याची किंमत. उन्हाला सरावलेलं म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, ते मुळात पाणी मिळत असलेलं कुत्रं असतं. पाणी तुटलं की सराव संपला.

दुसरी गोष्ट सावलीची. मोकळं कुत्रं दुपारचं काय करतं ते पाहा. नऊ-दहाच्या आत त्याचा उद्योग आटोपलेला असतो. मग हापशाच्या सांडपाण्याशेजारची माती पुढच्या पायांनी उकरतं, वरचा तापलेला थर बाजूला सारतं आणि पोट खालच्या गार ओलीला लावून पसरतं. ऊन सरकलं की उठतं, दुसरा खड्डा गाठतं. ऊसतोडीच्या बैलगाडीखाली चालणाऱ्या कुत्र्याची आपण पिढ्यान्‌पिढ्या टिंगल केली, की त्याला वाटतं गाडी आपणच ओढतोय. त्याला तसलं काही वाटत नाही. गाडीखाली सावली असते आणि ती आपल्याबरोबर चालते, एवढं त्याला कळतं. गावठी कुत्र्याचा निभाव लागतो तो या अकलेवर आणि ती वापरायच्या मोकळिकीवर.

ही मोकळीक आपण कुठे ठेवली? गल्ल्या सिमेंटच्या झाल्या, उकरायला माती राहिली नाही. हापशांची जागा बोअरनं आणि नळानं घेतली. पाणी टाकीत गेलं आणि टाकीवर झाकण आलं. जनावरांचे हौद कोरडे पडले. नाल्या बंदिस्त झाल्या. यातलं बहुतेक माणसाच्या भल्याचंच आहे आणि कुणी ते उलटं फिरवा म्हणत नाही. पण ज्या गावात आजोबांचं कुत्रं उन्हाळे काढायचं, ते गाव आता तसं नाही, एवढं तरी मान्य करा. आजोबांच्या काळचा दाखला आजच्या कुत्र्याला लावता येणार नाही.

आणि साखळीचं काय? रानात मोटार, केबल, ठिबकच्या नळ्या चोरीला जातात, म्हणून आखाड्यावर राखणीचं कुत्रं लागतं. ते पत्र्याच्या शेडच्या खांबाला बांधलेलं असतं. सकाळी बांधलं तेव्हा शेडची सावली पश्चिमेला पडलेली होती, म्हणून पश्चिमेच्या खांबाला बांधलं. बांधणाऱ्यानं विचार केलेला नव्हता असं नाही. बारा वाजता सावली शेडखाली गोळा होते, आणि दोन वाजता ती पूर्वेला निघून गेलेली असते. साखळी चार-पाच हात. जर्मनच्या भगुल्यातलं पाणी तोवर हात भाजेल इतकं तापलेलं, नाही तर साखळीचा हिसका बसून सांडलेलं. साखळी पोहोचते तेवढ्या गोलात जमीन उकरलेली दिसते, पण तिथली माती कोरडी ठाक. डोक्यावरच्या पत्र्याची धग वेगळीच. याच कुत्र्याच्या आईबापांनी उन्हाळे काढले असतील, पण ते मोकळे होते. बांधलेलं कुत्रं गावठी असो की जर्मन शेफर्ड, त्याचा उन्हाळा बांधणाऱ्याच्या हातात असतो.

यावर पुढचा सवाल येतो : "उन्हानं मेलेलं कुत्रं आम्ही तरी पाहिलं नाही." पाहिलं नाही, की पाहिलं आणि ओळखलं नाही? ओढ्यात, उसाच्या फडात किंवा पुलाखाली मेलेलं कुत्रं दोन दिवसांनी वासावरून सापडतं. मग कुणी म्हणतं विष घातलं असेल, कुणी म्हणतं पान लागलं असेल. शवविच्छेदन कोण करतो? 2021 च्या डिसेंबरात याच जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातलं लऊळ गाव देशभर गाजलं. माकडांनी कुत्र्याची पिल्लं पळवून मारली, असं सांगितलं जात होतं, आणि अडीचशे पिल्लांपर्यंतचे आकडे छापून आले. माकडानं उचललेलं पिल्लू बातमी होतं. मेमध्ये पत्र्याखाली तडफडून गेलेलं होत नाही. ज्याची मोजणीच होत नाही, त्याचा आकडा शून्य आहे असं म्हणणं हा युक्तिवाद नव्हे.

शिवाय पारावर बसलेलं धडधाकट कुत्रं दाखवून "बघा, याला काय झालं?" असं विचारणं ही फसवणूक आहे. जे उरलं तेच पारावर दिसणार. पश्चिम बंगालमध्ये कोलकात्याच्या 'आयसर'मधल्या संशोधकांनी मोकाट कुत्र्यांच्या 95 वेतांमधल्या 364 पिल्लांचा माग ठेवला. वयात येईपर्यंत त्यातली जेमतेम 19 टक्के जगली. तिथली कारणं वेगळी होती, माणसाचा हात त्यात मोठा होता. उन्हाचा हिशेब म्हणून तो आकडा मी देत नाही. पण मोकाट कुत्रं काटक असतं या समजुतीमागे किती मेलेली पिल्लं झाकलेली असतात, ते त्यावरून कळतं.

सगळ्यात वजनदार आक्षेप पाण्याचा, आणि बीडमध्ये तो कुणीही हसण्यावारी नेऊ नये. "माणसालाच पाणी नाही, कुत्र्याला कुठून आणायचं?" याच केज तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे. 2016 च्या उन्हाळ्यात ते आटलं, त्यावर अवलंबून असलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि त्याआधी लातुरात पाणी भरायच्या जागांवर जमावबंदी लावावी लागली होती. असं पाहिलेल्या माणसाला पाण्याचं तत्त्वज्ञान सांगू नये. म्हणून नुसता हिशेब मांडतो. पंधरा किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला लिटरभर पाणी लागतं, कडक उन्हात दीड-दोन लिटर. टंचाईत टँकरनं पुरवायच्या पाण्याचं ग्रामीण भागातलं माप माणशी 20 लिटर धरतात. म्हणजे एका माणसाच्या टंचाईतल्या पाण्यात दहा कुत्री निघतात. तेही पिण्याचंच पाणी लागतं असं नाही; टँकर लावताना नळीतून सांडतं, घागर भरताना काठावरून वाहतं, ते एका खोलगट भांड्यात धरलं तरी भागतं. दुष्काळात चारा छावण्या निघाल्या, त्यात मोठ्या जनावरांचा हिशेब होता, लहान जनावरांचा होता. गोठ्याची राखण करणारं कुत्रं त्या कुठल्याच रकान्यात नव्हतं. माणूस आणि कुत्रं अशी पाण्याची ओढाताण गावात नाहीच. कुत्र्याच्या पाण्याचा विचारच झालेला नाही.

पैठणच्या एकनाथांनी काशीहून आणलेलं कावडीतलं पाणी तापल्या वाळूत तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं, ही कथा आपल्याकडे दर सप्ताहात रंगवून सांगतात. ती ऐकून मंडपातले लोक माना डोलावतात. नाथांकडे पाणी मुबलक होतं म्हणून त्यांनी पाजलं, असं अजून एकाही कीर्तनकारानं सांगितलेलं नाही.

आता भीतीचा मुद्दा. "पाणी ठेवलं की कुत्री गोळा होतात, उन्हानं पिसाळतात आणि चावतात." यात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. कुत्रं उन्हानं पिसाळत नाही, तहानेनं पिसाळत नाही. रेबीज हा विषाणूचा आजार आहे. तो पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून, बहुधा चाव्यातून येतो, आणि बारा महिने येतो. उन्हानं कुत्रं चिडचिडं होतं, हे मात्र खरं. अमेरिकेतल्या 8 शहरांमधल्या सुमारे 70 हजार चाव्यांच्या नोंदींचा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात तापलेल्या दिवसांत चावे थोडे वाढलेले दिसले. मग यावरून निष्कर्ष काय काढायचा? कुत्र्याला तापू द्यायचं नाही, हाच ना? पाणी काढून घेऊन चावे कसे कमी होणार?

या गैरसमजाची खरी किंमत कुत्रं जिवानिशी मोजतं. उष्माघात झालेलं कुत्रं लाळ गाळतं, झोकांड्या खातं, हाक मारली तरी ओळख देत नाही. पाहणारा ओरडतो, "पिसाळलंय!" आणि काठ्या निघतात. लक्षणं वरवर सारखी दिसतात, हे मान्य. उष्माघातात धापा थांबत नाहीत, हिरड्या लालभडक होतात, अंग चटका देतं. तरीही अनोळखी कुत्र्याला हात लावून हे तपासायला जाऊ नका. लांबून बादलीनं पाणी मारता येतं, सावलीकडे वाट मोकळी करून देता येते. चावलंच तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायची. यात हयगय नको. आणि कुत्री एका ठरलेल्या जागी रोज पाण्याला येऊ लागली, तर लसीकरणाला आणि नसबंदीला पकडणंही तिथेच सोपं जातं. पाणवठ्याला विरोध करणाऱ्यांनी त्यांना गावभर शोधत फिरून पाहावं.

काहींना हे सगळे शहरी चोचले वाटतात. शहरात चोचले आहेत, यात वाद नाही. कुत्र्याचं गार जाकीट मिळतं, आइस्क्रीम मिळतं. पण शहराचंही फार शहाणपणाचं चाललंय असं नाही. तिथे पुण्याच्या फ्लॅटमध्ये सायबेरियाचा हस्की आणतात आणि दुपारी डांबरावर फिरवतात. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सोसत नसेल तर कुत्र्याच्या पायांना कसं सोसेल? काच दोन बोटं उघडी ठेवून गाडीत कुत्रं बसवून जातात. त्या फटीनं आतली वाफ कमी होत नाही, हे मोजून सिद्ध झालेलं आहे. पण वर सांगितलेल्या ब्रिटिश नोंदींत उन्हाच्या आजाराचं सगळ्यात मोठं कारण बंद गाडी नव्हतंच. चारांपैकी जवळजवळ तीन कुत्री पळून-खेळून, श्रमानं तापली होती. हे गावाला नीट लागू पडतं. मोटारसायकलच्या मागे कुत्रं पळवत आखाड्यावर न्यायचं, आणि ते मागे पडलं नाही म्हणून मित्रांना कौतुक सांगायचं, हा आपल्याकडच्या पोरांचा आवडता खेळ. कुत्रं मालकासाठी पळतं, दमलो म्हणून सांगत नाही. सकाळी आठच्या आत किंवा दिवस मावळल्यावर पळवा, कोण नको म्हणतंय?

गावाला लागणाऱ्या गोष्टींत चोचला एकही नाही. पसरट, जड भांडं, म्हणजे कलंडणार नाही; मातीचं असेल तर उत्तम, पाणी गार राहतं. ते सावलीत, दिवसातून दोनदा बदललेलं. पत्र्याखाली बांधायचंच असेल तर पत्र्यावर पाचट किंवा कडबा, आणि खाली ओलं बारदान. त्याहून सोपं म्हणजे दुपारी साखळी सोडून लिंबाखाली बांधणं, किंवा दोन खांबांमध्ये तार ओढून साखळी तिच्यावर सरकती ठेवणं. कुत्रं सावलीमागे आपलं आपण जातं. राखण रात्रीची असते. दुपारी दोनला मोटार चोरायला कोण येतंय?

आजारी पडल्यावर आपण जे करतो, त्याचाही समाचार घ्यायला हवा. ऊन लागलं की खिशात कांदा ठेवायची आपली रीत. तोच कांदा ठेचून कुत्र्याला चारतात. कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. ताप समजून घरातली गोळी देतात. उष्माघात हा ताप नव्हे. शरीरानं स्वतः चढवलेलं तापमान ते नाही, म्हणून तापाच्या गोळीनं उतरत नाही, आणि माणसाच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. तोंडात बळजबरीनं पाणी ओततात. ते फुप्फुसात जाऊ शकतं. ओलं फडकं गुंडाळून ठेवतात. थोड्या वेळानं तेच गोधडीसारखं आतली उष्णता कोंडून धरतं. कोरड्या कुत्र्याला पंख्याखाली ठेवतात. घामच नाही तर पंखा वाळवणार काय? आधी अंग भिजवा, मग वारा घाला. पोट, जांघा, मान, पाय यांवर पाणी ओतत राहायचं, श्वास सावरेपर्यंत. बोअरचा काळा पाइप उन्हात पडलेला असतो, त्यातलं पहिलं पाणी भाजतं. ते वाहू द्या, गार आलं की धार धरा. गार पाण्यानं कुत्रं दगावतं, ही भीती काढून टाका.

आणि मुख्य म्हणजे आधी गार करा, मग दवाखान्यात न्या. ब्रिटनमध्येही दवाखान्यात आणलेल्या अशा कुत्र्यांपैकी जेमतेम पाचातल्या एकालाच वाटेला लागण्याआधी गार केलेलं होतं. तिथे दवाखाना जवळ असतो. आपल्याकडे तालुक्याला पोहोचेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. पाणी ओतता ओतता दुसऱ्यानं 1962 या जनावरांच्या दवाखान्याच्या हेल्पलाइनला फोन लावावा. कुत्रं उठून बसलं तरी डॉक्टरला दाखवायचंच. मूत्रपिंडाचा आणि रक्त गोठण्याचा बिघाड पुढच्या एक-दोन दिवसांत उघडा पडतो.

शेवटी कायदा. ओझ्याच्या जनावरांसाठी 1965 पासून नियम आहे : पारा 37 अंशांच्या वर जात असेल तिथे दुपारी बारा ते तीन बैलाला जुंपायचं नाही. म्हणजे दुपारचं ऊन जनावराला सोसत नाही, हे सरकारनं साठ वर्षांपूर्वीच कागदावर मान्य केलं. कुत्र्यासाठी असा नियम नाही, पण पाळलेल्या जनावराला पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं आणि त्याला अवाजवी आखूड साखळीनं किंवा अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. युसूफ वडगावला स्वतःचं पोलीस ठाणं आहे, पण पन्नास रुपयांच्या दंडासाठी तिथे कोण जाणार, आणि गेला तर त्याला किती जण हसणार? कायद्यानं हे होणार नाही, आणि व्हावं असाही आग्रह नाही.

व्हायला हवं ते ग्रामपंचायतीत. टँकर किंवा सार्वजनिक नळ असेल तिथे सांडणारं पाणी धरणारा वीतभर उंचीचा हौद, वर चार पत्रे, आणि तो कुणी भरायचा-धुवायचा ते नावानिशी ठरलेलं. शेळ्या-मेंढ्याही त्यावर पितील, त्यामुळे खर्चाला कुत्र्याचं एकट्याचं नाव लागणार नाही. गल्ली सिमेंटची करताना झाडाभोवती दोन हात माती उघडी सोडायची, एवढंच कंत्राटात लिहायचं. मात्र 1 मेच्या ग्रामसभेत हा विषय घेऊन उपयोग नाही. तोवर निम्मा उन्हाळा उलटलेला असतो. तो 26 जानेवारीच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर यायला हवा. आणि तिथे कुणी उठून "गावठी कुत्रं आहे, त्याला काय होतंय?" म्हणालं, तर त्याला बाहेर घालवू नका. मे महिन्यात दुपारी दोन वाजता त्याच्याच आखाड्यावर जायचं आणि कुत्र्याचं भांडं कुठे आहे, एवढं विचारायचं.